चावडीवाचन

"गट नंबर एकशे बेचाळीस," तलाठ्यानं लॅपटॉपमध्ये डोकं घालून वाचलं. "भोगवटादार, जानराव मोतीराम वानखडे. क्षेत्र दोन हेक्टर पंधरा आर. कोणाची हरकत?"

जानराव पुढच्या नावासाठी थांबला. पुढचं नाव आलंच नाही.

हातानं लिहिलेल्या जुन्या सातबाऱ्यावर त्याच्या नावाखाली त्याच्या थोरल्या बहिणीचं, केशरबाईचं नाव होतं. बापानंच ते लावून घेतलं होतं. कागदावरून संगणकात उतरवताना एक ओळ गळाली, बस्स. अशा चुका सापडाव्यात म्हणूनच तर आज गाव चावडीत बोलावून सातबारे मोठ्यानं वाचत होते. आज हरकत घेतली की दुरुस्ती जागच्या जागी. एकदा ते ऑनलाइन चढलं, की एक काना बदलायचा तरी दर्यापूरच्या तहसिलीत चपला झिजवा.

केशरबाई त्याला खेटूनच बसली होती. नवरा गेल्यावर माहेरी आलेली, रस्त्याकाठच्या दोन एकरांत टिनाची खोली घालून तूर-कपाशी करणारी. कानाशी ओरडल्याशिवाय तिला ऐकू येत नसे. तिनं कोपरानं भावाला ढोसलं.

"आलं काय रे जानू माहं नाव?"

दोन वर्षं बोंडअळीनं जानरावची कपाशी खाल्ली होती. रस्त्याकाठचा तुकडा विकून टाकू म्हणून त्याचा मुलगा गजेंद्र रोज घर डोक्यावर घेत होता, आणि जानराव रोज त्याला एकच सांगत होता, तो तुकडा आपला नाही, अक्काचा आहे. आता सरकारचं यंत्रच म्हणत होतं, तुझाच आहे. त्यानं काहीच केलं नव्हतं. काही करायचंही नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं, आणि तेवढंच त्याला फार जड जात होतं.

समोरून नत्थुजीनं त्याच्याकडं रोखून पाहिलं. शेताच्या धुऱ्याला धुरा लागलेला शेजारी तो, दोन्ही नावं त्याला तोंडपाठ. पण भावाबहिणीच्या मधात कोण पडतो? त्यानं खाली मान घालून तंबाखू मळायला घेतली.

"बोला नं जानराव, बराबर हाये का?" तलाठी नवीन बदलून आलेला, त्याला अजून साठ गट वाचायचे होते. "या बाईंचं काही म्हणणं?"

तलाठी आपल्याकडं बघून काही विचारतोय, एवढं केशरबाईला दिसलं. ती हसली.

"माहा भाऊ आयकून राहिला नं साहेब. त्याचे कान ते माहे कान."

चावडीत दोघंतिघं हसले. केशरबाईनं पुन्हा जानरावकडं तोंड वळवलं. "सांग नं रे, आलं का?"

जानरावनं तिच्याकडं न बघता मान डोलावली.

तलाठ्याला वाटलं, ती मान आपल्यासाठी. त्यानं बटण दाबलं.

हरकत नसल्याच्या कागदावर हजर माणसांच्या सह्या-अंगठे घेतले. केशरबाईनं अंगठा शाईच्या गादीवर चांगला दाबला, कागदावर उमटवला आणि नीट उठला का ते वाकून पाहिलं. उरलेली शाई तिनं पिकल्या केसांना पुसली. मग जानरावच्या खांद्यावर भार देऊन ती उठली.

"मी उगाच भेऊन राहिली होती," ती बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात, सगळ्या चावडीला ऐकू जाईल असं म्हणाली. "म्हटलं, बाबानं काय सांगितलं होतं, ते त्या मशीनले काय मालूम? पन तू होता नं बापा."