चार हिरव्या छटा

"आई, या मुलीला डोळेच नाहीत!" हातातल्या जुन्या व्हिडिओ गेमच्या पडद्याला नाक लावून लेक खिदळली.

गेममधली ती वेणीवाली चिमुकली मृण्मयीनेच कॉम्प्युटरवर चौकोनी ठिपक्यांनी रेखाटली होती. त्या यंत्राला हिरव्याच्या चारच छटा दाखवता येत, आणि डोळे तिसऱ्या छटेत होते. तिने ते सर्वांत गडद छटेने भरले. याआधी लेकीला झाडांतून ती मुलगी वेगळी दिसेना, तेव्हा मागचं रानही तिने असंच पुसून फिकट केलं होतं. लेकीची नजर हळूहळू जाणार, इलाज नाही, असं डॉक्टरांनी सांगूनच ठेवलं होतं.

दिवाळी सरली आणि लेकीने विचारलं, "आई, मुलगी गेली कुठे गं?"

मुलगी आता नखशिखांत गडद होती, मागे सगळं फिकट. बदलायला छटाच उरली नव्हती.

"थांब हं, नीट करून देते." मृण्मयीने यंत्र बंद केलं, उगाच कॉम्प्युटरची बटणं बडवली आणि यंत्र पुन्हा लेकीसमोर धरलं.

लेकीने घाईघाईने तिच्या गळ्यात हात टाकला. "हां, आता दिसली! मस्त काढलीस गं."

यंत्र अजून सुरूच केलं नव्हतं.