बाबांच्या तबकडीतली उडी

भाचीच्या लग्नात नवरदेवाला वाजतगाजत कार्यालयाकडे आणत होते. बँडमधला क्लॅरिओनेटवाला दुसऱ्या ओळीवरून एकदम चौथीवर गेला आणि औक्षणाचं ताट धरून मी जागीच थांबले.

ही उडी बाबांच्या तबकडीतली होती. तबकडीवर चरा पडला होता, सुई तिथं घसरायची. लहानपणी दादा आणि मी त्या जागी खरोखरच उड्या मारायचो. पुढे सांगलीच्या महापुरात तबकडी गेली, मग बाबाही गेले. मूळ गाणं फ्रेंच. नंतर ते इंग्रजीत झालं, इटालियनमध्ये झालं, आपल्या एका हिंदी सिनेमानंही चाल उचलली. बाबांच्या आठवणीनं मी सगळी मोबाइलवर शोधून ऐकली होती. उडी कशातच नव्हती.

"चाचा, हे कुठं शिकलात?" गाणं संपल्यावर मी त्या म्हाताऱ्या क्लॅरिओनेटवाल्याला विचारलं.

"बापटसरांकडं. नवशिका होतो. घरात बसवून घ्यायचे, मला जमेस्तोवर तबकडी लावायचे. आता इकडचे समदे बँडवाले माझ्याकडनंच शिकत्यात."

"आणि मधली उडी?"

"ती गाण्यातच हाय, ताई. फ्रेंच लोक तसंच गातात. पोरं गाळाय बघतात, मी गाळू देत न्हाई."

मी त्यांचे दोन्ही हात धरले. बापटसर म्हणजे माझे बाबा.

"तसंच गातात, चाचा," मी म्हणाले. "पुन्हा एकदा वाजवा."

ताट वहिनीकडे दिलं. उडी आली, तशी पैठणी सावरून मी मारली. आणि पलीकडे, फेटा धरून, दादानंही.