बाबांचा डावा खांदा

“काका, शिलाई चुकलीय तुमची. हा डावा खांदा बघा, उशी शिवल्यासारखा फुगलाय,” वडिलांचा शर्ट एकनाथ टेलरांपुढे ठेवत शैलजा म्हणाली. वडील जाऊन वर्ष झालं होतं. एवढं चांगलं कापड पडून कशाला राहावं, म्हणून तिने तो नवऱ्याला घालायला दिला, तर स्वारी एका अंगाने पैलवान दिसायला लागली.

म्हाताऱ्याने शर्ट उलटा केला आणि खांद्याच्या आत, नजरेला न दिसणाऱ्या टाक्यांनी बसवलेले कापडाचे चार थर तिला दाखवले. “चुकली नाही, पोरी. तीस वर्षं टपालाची पिशवी वागवून तुझ्या बाबांचा हा खांदा दोन बोटं खाली आला होता. आम्ही दोघांनी तो कुणाला दिसू दिला नाही.”

घरात बनियनवर तो रोज दिसत असणार. शैलजाने कधी पाहिला नव्हता.

“तुझ्या लग्नात मात्र तू त्यांना रेडीमेड कोट घेतलास म्हणे. कसा बसला?”

मांडवात बाबा सकाळपासून डावा खांदा उचलून ताठ उभे होते, आणि तिने त्यांना दोनदा दटावलं होतं, “बाबा, फोटोत तरी जरा सैल उभे राहा.”