दोन बदामी

रंगाऱ्याने बैठकीच्या खोलीत भिंतीवर दोन चौकोन रंगवले आणि तो बाजूला झाला. डावा ‘वाळू’, उजवा ‘साय’. दोन्ही फिकट बदामी.

मास्तर समोर बसले होते. रंगाच्या कारखान्यात तीस वर्षं त्यांनी छटा तपासल्या होत्या. एकदा यंत्राने पास केलेला अख्खा घाणा त्यांनी परत पाठवला, आणि दोन दिवसांनी यंत्रच बिघडलेलं निघालं. तेव्हापासून कारखान्यात म्हणायचे, यंत्र चुकेल, मास्तर चुकणार नाहीत. रंगारी त्यांच्याच हाताखाली शिकलेला. आज त्यांच्या नजरेसमोर काम म्हणून सकाळपासून त्याची धांदल उडाली होती. डबे व्हरांड्यात ठेवून, दारातून त्यांच्याशी बोलत बोलतच त्याने दोन मग भरून आणले होते.

मास्तर एकटे राहत. जिन्यावर दोनदा पडल्यापासून लेक मागे लागली होती, माझ्याकडे चला. शेवटी त्यांनीच अट घातली. दोन बदामी ओळखता येईनात, त्या दिवशी घराची किल्ली तुझी.

चौकोन वाळले. मास्तरांनी खिडकी सताड उघडली. जवळून पाहिलं, लांबून पाहिलं, एक डोळा मिटून पाहिलं.

“मला दोन्ही एकच दिसताहेत,” ते म्हणाले.

रंगाऱ्याने मान खाली घातली. शेजारी उभ्या लेकीने निरखून पाहिलं. डावीकडची पिवळट झाक तिला स्पष्ट दिसत होती.

“मलासुद्धा फरक कळतोय, बाबा.”

“आणि तुला रे?”

“थोडा आहे, मास्तर,” रंगारी पुटपुटला.

“तुम्हा दोघांना दिसतो म्हणजे असणारच.” ते हसले. “म्हातारपणी चष्मा तेवढा नवा राहतो.”

त्यांनी वाद घातला नाही. किल्ली काढून लेकीच्या तळहातावर ठेवली, दोन्ही चौकोनांवरून एकदा हात फिरवला आणि तिचा दंड धरून गाडीत जाऊन बसले. घर आता भाड्यानेच द्यायचं, ‘साय’ लावून टाका, असं ती जाताना सांगून गेली.

गाडी कोपऱ्यावर वळून दिसेनाशी झाली. असा माणूस पुन्हा होणे नाही, असं मनाशी म्हणत रंगारी व्हरांड्यात आला. ‘वाळू’चा डबा दोन मग उणा होता. त्याने स्क्रूड्रायव्हर उचलला आणि ‘साय’चा डबा पुढे ओढला. त्याच्या झाकणावरचं सील अजून फुटलेलंच नव्हतं.