एका रात्रीची तपासणी

डेपोच्या विश्रांतीखोलीत दोघाही ड्रायव्हरांच्या घोरण्याने पत्रे हलायचे. पण झोपेच्या तपासणीत बारक्या पास झाला आणि त्याचा जुना जोडीदार नापास. झोपेत श्वास अडकतो म्हणे, आणि असा माणूस दिवसा स्टिअरिंगवर पेंगतो! लांब पल्ल्याची बस बारक्याला मिळाली, याच्या वाट्याला आलं गेटवरचं स्टूल. बारक्या मुद्दाम हॉर्न वाजवत समोरून गेला की याचा नुसता जळफळाट व्हायचा.

शेवटी तो डॉक्टरांपुढे जाऊन उभा राहिला. "एका रात्रीवरून माणसाची झोप ठरते का हो? मला परत तपासा. आणि त्या बारक्यालाही सोडू नका!"

"खरंय तुमचं," डॉक्टर म्हणाले. "हा आजार एका रात्री लपतो, दुसऱ्या रात्री सापडतो. चार-सहा रात्री तरी बघायला हव्यात. पण तुमच्या साहेबांना एकच रात्र पुरते."

दोघांची पुन्हा एकेक रात्र तपासणी झाली. या खेपेला बारक्या नापास झाला आणि हा पास.

"बस आता स्टुलावर, लेका!" म्हणत त्याने बारक्याच्या हातातून किल्ली हिसकावली आणि तो छाती फुगवून गाडीत चढला. माहेरी निघालेली बायको लेकीला घेऊन पहिल्याच सीटवर बसली होती. "बघ, आज गाडी कोण नेतंय!" तो म्हणाला.

बारा वर्षं रोज रात्री त्याच्या शेजारी झोपणाऱ्या बायकोने पिशवी उचलली, लेकीचा हात धरला आणि ती म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे. आम्ही मागच्या गाडीने येतो."