हेमाचा फोन

सात देशांच्या संघाची वीज आता एकाच केंद्रातून वाटली जायची. कुठल्या मुलखाची कधी तोडणार, हे हल्लेखोरांच्या भीतीने गुप्त असे. शेजाऱ्यांवर आळ नको, म्हणून ज्या मुलखाची वीज, त्याच मुलखाच्या माणसाने तोडायची. कोकणाची वीज तिथलीच हेमांगी परुळेकर तोडायची. त्याआधी ती न चुकता वेंगुर्ल्याला फोन करून एवढंच विचारायची, “बाबा, जेवलात?”

आज काही तोडायचं नव्हतं. सहा वर्षांत ती फार थकली होती. नुसता त्यांचा आवाज ऐकावासा वाटला.

“बाबा, जेवलात?”

“जेवलंय गो,” म्हणत ते दाराबाहेर ओरडले, “पाणी भरून घेवा रे, हेमाचो फोन इलो!”

“बाबा, आज तसं नाही…”

फोन बंद झाला होता. तिने पुन्हा लावला. कोणी उचलला नाही; सगळे पाणी भरत होते.