तिसरा कीबोर्ड

कोर्टात वीस वर्षं टायपिंग करणाऱ्या कुमुदताईंचं मनगट दुखायचं, म्हणून लेक त्यांना कॉम्प्युटरच्या दुकानात घेऊन आली. वायरलेस माऊस हातात छान बसला. कीबोर्ड मात्र पसंत पडेना.

"याचंही कडेचं बटण बिघडलेलं दिसतंय," तिसरा कीबोर्ड बाजूला सारत त्या म्हणाल्या.

लेकीने तेच बटण दाबलं. पडद्यावर अक्षर उमटलं. कुमुदताईंनी पुन्हा करंगळी टेकवली. ती नुसतीच थरथरली, बटण खाली गेलंच नाही.

दुकानदाराचं हसू मावळलं. "ताई, कीबोर्ड नंतर घ्या. आधी डॉक्टरांना हात दाखवा. माझ्या वडिलांचंही असंच सुरू झालं. आधी शर्टाची बटणं लागेनात."

"आता कसे आहेत ते?" लेकीने विचारलं.

दुकानदार मान खाली घालून कीबोर्ड खोक्यात भरू लागला.